‘फेरोमोन’ परफ्यूम लावल्यानं समोरची व्यक्ती खरंच आकर्षित होते का? वासाचा आणि प्रेमाचा काही संबंध असतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वय २७, गाव परभणी, पुढच्या रविवारी जालन्याला मुलगी बघायला जायचंय आणि दीड हजाराचा ‘मानवी फेरोमोनयुक्त’ स्प्रे मागवून ठेवलाय. तो मारावा की न मारावा, एवढंच तुम्हाला हवंय. मारू नका. खरं तर इथंच उत्तर संपतं. पण फेरोमोन हा शब्द कुणी बाटलीवर छापून विकला की माझं डोकं फिरतं. मी कीटकशास्त्र शिकलेला माणूस आहे आणि कापसातले कामगंध सापळे हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आपल्याकडं फेरोमोनला मराठीत ‘कामगंध’ म्हणतात आणि शेतकऱ्याच्या पोराला तो परफ्यूमच्या कंपन्यांपेक्षा जास्त कळायला पाहिजे. नरसाळ्याचा सापळा पाहिला असेलच. वर छत्रीसारखं झाकण, खाली नरसाळं, त्याखाली प्लास्टिकची लांब पिशवी. झाकणाच्या आत मधोमध एक रबरी बूच अडकवलेलं असतं, पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढं. तेच ल्यूर, म्हणजे आमिष. कापसाची बोंडं पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या ल्यूरमध्ये जे द्रव्य असतं त्याचं नाव गॉसीप्लूर. मादी पतंग पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून मध्यरात्रीनंतर जे सोडते त्याची ही नक्कल. हे एक द्रव्य नसून जवळजवळ सारख्या दोन द्रव्यांचं निम्मंनिम्मं मिश्रण आहे. हे प्रमाण १९७३ साली सापडलं. त्याआधी शास्त्रज्ञ वेगळ्याच रेणूंच्या मागे होते आणि नर त्याला धड भीक घालत नव्हते. प्रमाण बिघडलं की नर येत नाही, इतकं ते काटेकोर आहे. हिरव्या बोंडअळीचं मिश्रण ९७ ला ३ असं. तिच्या ल्यूरवर गुलाबीचा नर येत नाही आणि गुलाबीच्या ल्यूरवर तिचा येत नाही. प्रत्येक जातीची किल्ली वेगळी.

मिलिग्रॅममध्ये मोजायची वस्तू, पण नर वाऱ्यातून वास पकडतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं नागमोडी उडत बुचापाशी येऊन धडकतो. तो विचार करत नाही. मादी दिसली नाही, तिचा रंग कळला नाही, ती आहे की रबर आहे हेही कळलं नाही, तरी येतोच. फेरोमोन म्हणतात ते याला. वास आला की वागणं ठरलेलं. पतंगाला तो हुकूम आहे.

हा शब्दच १९५९ साली जन्मला आणि त्याच वर्षी जर्मनीत बुटेनांट या रसायनशास्त्रज्ञाच्या गटानं पहिला कामगंध रेणू ओळखला, तोही रेशमाच्या पतंगातून. त्यासाठी सुमारे पाच लाख पतंग लागले. बीड-जालन्याकडं तुती लावून रेशीम करणाऱ्यांना हा पतंग चांगला माहीत आहे. चंद्रिकेवरून, म्हणजे अळ्या जिच्यावर कोष विणतात त्या जाळीवरून, कोष काढून बाजारात न्यायला उशीर झाला की तो कोष भोकसून बाहेर येतो आणि मालाचा भाव पडतो. त्या नराला उडता येत नाही. पण शेजारी मादी निघाली असेल तर जागच्या जागी पंख फडफडवत गोल गोल फिरत तिच्याकडं सरकतो. एकदा बघा. प्रेम वगैरे काही नाही, बटण दाबल्यासारखं यंत्र चालू होतं.

आता माणसाकडं या. ज्याचं रासायनिक नाव, प्रमाण आणि वागण्यावरचा परिणाम तिन्ही पक्के ठरलेत, असा माणसाचा एकही कामगंध आजवर सिद्ध झालेला नाही. ट्रिस्ट्रॅम वायट हे ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ आयुष्यभर फेरोमोनवर काम करत आले. त्यांनी २०१५ साली हा सगळा शोध तपासून जवळपास हेच लिहिलं. बऱ्याच प्राण्यांच्या नाकात कामगंध ओळखायला एक वेगळं इंद्रिय असतं. आपल्यात त्याचे अवशेष सापडतात, पण त्याला चालवणारा जनुक मोडून पडलाय. अशा बाटल्यांवर बरेचदा अँड्रोस्टेनोन किंवा त्याच्या भावकीतलं नाव असतं. अँड्रोस्टेनोन हा डुकराच्या नराच्या लाळेतला कामगंध आहे. वराहपालन करणारे त्याचा स्प्रे मादीच्या नाकाशी मारतात. ती माजावर असेल तर चारही पाय रोवून गप्प उभी राहते आणि रेतनाची वेळ कळते. माणसात मात्र काहींना याचा वासच येत नाही, काहींना गोडसर येतो आणि काहींना लघवीसारखा. कुणाला कसा येणार हे बऱ्याच अंशी वास ओळखणाऱ्या एका जनुकावर अवलंबून असतं. जालन्याच्या त्या घरात कुणाला लघवीचा येईल हे तुम्हाला आधी कळणार नाही. दीड हजार रुपये देऊन एवढी जोखीम कशाला?

म्हणजे वासाचा संबंध नाही का? आहे, आणि भरपूर आहे. बाकी इंद्रियांचा निरोप मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर उतरतो आणि तिथून पुढं वाटला जातो. वासाचा निरोप ते ठाणं टाळून भावना आणि आठवण जिथं शिजतात त्या भागांत थेट उतरतो. म्हणून पहिल्या पावसाचा मातीचा वास आला की आधी गाव आठवतं, शब्द मागून येतात. माणसात वास हुकूम देत नाही, आठवणीला चिकटतो. चांगल्या भेटीत जो वास होता तो पुढं चांगला वाटायला लागतो. वाईट भेटीतला वास भारीतल्या भारी अत्तराचा असला तरी नकोसा होतो.

एक प्रयोग लोक फार सांगतात, तोही अर्धवट. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठात क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ तरुणांना दोन रात्री सुती टीशर्ट घालून झोपायला लावलं. सेंट बंद, सुगंधी साबण बंद, लसूण बंद. मग ४९ तरुणींना ते टीशर्ट हुंगायला दिले. ज्यांची रोगप्रतिकाराची काही जनुकं आपल्यापेक्षा वेगळी आहेत त्यांचा वास तरुणींना सरासरीनं बरा वाटला, पण गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत निकाल उलटा दिसला. पुढच्या अभ्यासांत कधी असा परिणाम दिसला, कधी दिसलाच नाही. यातून ‘नाकानं जोडीदार ठरतो’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे एका सापळ्यावरून अख्ख्या तालुक्याचा अंदाज काढणं.

आणि सगळं वासावर सोपवायचं, हाच तर माझ्या मेहुण्याचा हट्ट आहे. तो म्हणतो, ‘दाजी, वास मारला की पाखरू येतंच, मग फवारणी काहून करायची?’ सापळे लावले म्हणजे बोंडअळी संपली, असं समजणारा तो एकटा नाही, गावोगाव आहेत. सापळ्यात येतो फक्त नर. अंडी घालते मादी. एक उरलेला नर एकापेक्षा जास्त माद्यांना पुरतो. म्हणजे शंभर नर पिशवीत पडले तरी कापसातली मादी रिकामी राहील असं नाही. हेक्टरी पाच सापळे मोजणीसाठी असतात. रोज सकाळी ऊन चढायच्या आत पिशवीतले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागं आठ किंवा जास्त सापडले तर नुकसानीची पातळी ओलांडली, आता पुढचं ठरवा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापसाचं जे केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. सापळे तेव्हाही होते, पण बऱ्याच ठिकाणी मोजणारं कुणी नव्हतं. काही ठिकाणी तर पिशवीचं खालचं तोंडच बांधलेलं नव्हतं, पतंग वरून आत आणि खालून बाहेर.

याच्या पुढची गोष्ट तुमच्या कामाची आहे. कामगंधानं कीड आटोक्यात आणायचा एक खरा मार्ग आहे आणि तो नेमका उलटा चालतो. शेतभर ठिकठिकाणी इतका कामगंध सोडायचा की हवाच त्यानं भरून जाईल. मग नराला मादी कुठं आहे हेच कळत नाही. चहूकडून एकच वास, माग काढायला दिशाच उरत नाही आणि मिलन होत नाही. आता बंद हॉलमध्ये दहा फवारे मारून बसलेला पोरगा डोळ्यापुढं आणा.

एवढे फवारे माणूस का मारतो, त्यालाही कारण आहे. सारखा येणारा वास नाक काही मिनिटांत ऐकेनासं होतं. आपल्याला आपला सेंट येईना की वाटतं उडाला, आणखी दोन मारू. समोरच्याचं नाक ताजं असतं, त्याला पहिल्यापासूनचे सगळे मिळून येतात. म्हणून स्वतःच्या नाकावर कधीच विश्वास ठेवू नका. सेंट लावल्यावर दहा मिनिटांनी अंगणात असलेल्या बहिणीला किंवा वहिनीला आत बोलवा. हाताच्या अंतरावर मंद आला तर बरोबर. दारातूनच आला तर जास्त झाला, शर्ट बदला.

आता रविवारचं. माझं स्पष्ट मत आहे की वास वाढवण्याआधी नको ते वास कमी करा, कारण पोरांचं काम तिथंच बिघडतं.

घाम निघतो तेव्हा त्याला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या ग्रंथी वयात आल्यावर चालू होतात आणि त्यांचा घाम जरा स्निग्ध असतो. त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा वास सुटतो. म्हणून काखेतले केस बारीक ठेवा, साबणानं धुवा आणि टॉवेलनं पूर्ण कोरडी करा. डिओ वास झाकतो. घाम कमी करणारं अँटिपर्स्पिरंट वेगळं असतं. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं तात्पुरती बुजवतात. ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावायचं, कारण रात्री घाम कमी येतो आणि ते नीट बसतं. सकाळी अंघोळ केली तरी चालतं. शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री लावा. त्यावर खर्च करायचा नसेल तर न्हाव्याकडचा तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवा. जिवाणू कमी होतात आणि दहा रुपयांत भागतं. मात्र नुकत्याच दाढी केलेल्या किंवा खरचटलेल्या जागी चुरचुरतं.

शर्ट सुती घ्या. पॉलिस्टर काखेचा वास धरून ठेवतं. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. साबणाचा फेस होत नाही, साबणाची साय कपड्यात अडकते आणि ती कुबटते. ओळखायची खूण सोपी आहे. धुतलेला शर्ट हुंगला तर ठीक वाटतो, पण काखेच्या शिवणीवर गरम इस्त्री फिरली की आंबूस वाफ येते. तसं झालं तर एक बादली कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून शर्ट अर्धा तास भिजवा. काखेची शिवण उलटी करून चोळा, तीन पाण्यांतून काढा आणि उलटा करून उन्हात वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय इस्त्री नको. रेशमी किंवा लोकरी कपड्याला सोडा लावू नका, खराब होईल.

पाय विसरू नका. मुलगी बघायला गेल्यावर पहिली वस्तू उघडी पडते ती पायच. उंबऱ्यापाशी बूट काढले की मोज्यांचा वास तुमच्याआधी हॉलमध्ये पोचतो. बूट दोन दिवस उन्हात ठेवा, आतलं पातळ तळवं निघत असेल तर काढून वेगळं वाळवा. शनिवारी रात्री कोमट पाण्यात तुरटी फिरवून पाय दहा मिनिटं बुडवा, बोटांच्या सांधीत कोरडं करा. मोजे सुती आणि नवे. एक जोड खिशात ठेवा, कारण परभणीहून जालना दोन-अडीच तासांचा रस्ता आहे आणि बंद बुटात पाय शिजतात. पोचायच्या आधी बदला.

तोंडाचं सांगतो. वास दातांपेक्षा जिभेच्या मागच्या भागातून जास्त येतो, तिथं गंधकाची द्रव्यं तयार होतात. जीभ खरवडा, अगदी मागपर्यंत. ओकारी येते तिथवर. उपाशी राहू नका, तोंड कोरडं पडलं की वास वाढतो. शनिवारी दुपारनंतर लसणाची चटणी आणि ठेचा बंद. लसणातलं एक गंधकी द्रव्य रक्तात जातं आणि फुप्फुसातून बाहेर पडत राहतं. दात कितीही घासा, दुसऱ्या दिवशीही श्वासात असतं. खाल्लीच तर त्याच जेवणात दूध प्या किंवा वर कच्चं सफरचंद, पुदिना खा, थोडं दबतं. गुटखा किंवा मावा खात असाल तर मग सेंटबिंट सोडा, तो प्रश्नच वेगळा आहे आणि त्याचं उत्तर मुलीच्या आईला नाक न लावता कळतं.

एवढं झाल्यावर सुगंध. अत्तर असेल तर काडीच्या टोकाला लागेल एवढंच. एक टिपका मानेच्या मागं, एक मनगटावर. जुनी माणसं कापसाचा फाया कानाच्या पाळीमागच्या खोबणीत ठेवत, ते बरोबर होतं. अंगाच्या उष्णतेनं वास हळूहळू सुटतो आणि जवळ येणाऱ्यालाच कळतो. स्प्रे असेल तर हातभर अंतरावरून दोन फवारे, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, म्हणजे वरचा झणझणीत अल्कोहोलचा वास उडून जातो. अत्तराचे पिवळे डाग पांढऱ्या शर्टावर पडतात, म्हणून बनियनवर किंवा अंगावरच लावा. गाडीत काचेला लटकवलेलं लिंबाच्या वासाचं जे असतं ते आदल्या दिवशी काढून ठेवा. अडीच तासांत तो वास शर्टात मुरतो आणि वर डोकंही उठतं.

बाकी इंद्रियांचं थोडक्यात. दिसण्याचं तुम्हाला कुणी सांगायला नको. आवाज खालच्या पट्टीत आणण्याच्या नादाला लागू नका, ओढून आणलेला भसाडेपणा लगेच कळतो. फक्त हळू बोला आणि तिचं वाक्य संपू द्या. स्पर्शासाठी त्वचेत एक वेगळ्या जातीचे मज्जातंतू आहेत. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगानं मऊ हात फिरला तर ते सगळ्यात जास्त जागे होतात, घाईच्या हाताला दाद देत नाहीत. पण हे ओळख पटल्यावरचं आणि विचारूनच. रविवारी नमस्कार पुरे.

आणि खरी गंमत अशी की त्या हॉलमध्ये तुमचा मंद सुगंध कुणाला फारसा येणारच नाही. कांदे-पोह्यांची फोडणी, नुकतीच पुसलेली फिनाइलची फरशी, देवघरातली उदबत्ती, शिवाय तुमच्या मामांचं अत्तर. एवढ्या गर्दीत फेरोमोन असता तरी हरवला असता. बोलायची परवानगी मिळाली तर गच्चीवर किंवा अंगणात पंधरा मिनिटं मागून घ्या. मोकळ्या हवेत दोघांनाही एकमेकांचा काही अंदाज येईल. तिलाही नाक आहे आणि तुम्हालाही. तुम्हाला तिचा सहवास बरा वाटतो का, हेही बघा की. प्रश्नात त्याबद्दल एक अक्षर नाही.

जमलं तर पुढच्या भेटींना साबण आणि अत्तर तेच ठेवा. दर वेळी नवा सेंट मारला तर आठवण चिकटायला जागाच मिळत नाही. चार-पाच चांगल्या भेटींत एकच मंद वास असला की तो तुमचा होऊन जातो. यापलीकडं वासाकडून काही मागू नका. मेहुणा म्हणेल, दाजी, शेवटी वासावरच आलात ना. आलो, पण मोजून आलो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. अंगाचा किंवा श्वासाचा वास अचानक बदलला असेल, फळासारखा गोड किंवा नासल्यासारखा येत असेल, तर अत्तर नको, डॉक्टरकडं जा. साखरेचं किंवा हिरड्यांचं दुखणं असू शकतं. घरात कुणाला दमा असेल तर तिथं सेंट अजिबात लावू नका. आणि मेहुण्यावर अन्याय नको म्हणून सांगतो, सापळे जास्त संख्येनं, लवकर आणि अख्ख्या शिवारानं मिळून लावले तर नर पकडण्याचा थोडा फायदा होतो. त्याच्या एकट्याच्या दोन एकरांत नाही.

स्प्रे फोडला नसेल तर परत पाठवा. फोडला असेल तर रविवारनंतर साध्या सेंटसारखा वापरून संपवा, पण तो मारून कापसात सापळे लावायला जाऊ नका. ल्यूरला सेंटचा, तंबाखूचा किंवा कांद्याचा हात लागलेला चालत नाही. पाकीट कापून बूच कागदात धरूनच अडकवायचं.